मंदे, तुझे पोट्टे दवाखाना पाहून गेले

मंदे,

परवा तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या कमी पडल्या, म्हणून निम्मं गाव उन्हात उभं होतं. तुला ऐकवलं नसतं इतकं चांगलं सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. मग एक पाहुणे उठले. तुझी-त्यांची धड ओळखही नसावी. ते म्हणाले, मंदाताईंना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून त्यांनी आपलं अपुरं स्वप्न गोरगरिबांच्या मुलांत पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून बसले होते, कारण मला हसू येत होतं. मैत्रिणीच्या शोकसभेत डॉक्टरीणबाई हसल्या ही बातमी दिग्रसच्या बाजारात संध्याकाळच्या आत पोचली असती.

तुला म्हणे डॉक्टर व्हायचं होतं. बोटातला काटा काढताना जिला चक्कर यायची, तिला.

खरं काय ते तू मला सांगितलं होतंस. आपण दोघी बाभुळगावला माहेरी चाललो होतो. एसटीत जागा मिळाली होती आणि तू भुईमुगाच्या शेंगा फोडून टरफलं पर्समध्ये भरत होतीस. मी सहज विचारलं, की एका बाकावर बसून शिकलो आपण, गणित तर तुझंच चांगलं होतं, मग तुला कधी वाटलं नाही का मेडिकलला जावं? तू म्हणालीस, "तुहे बाबा कंपाउंडर. तुनं दवाखाना आतून पाह्यला. आमी बाकड्यावर बसून पाह्यला. मले तं दहावीपर्यंत वाटे, डॉक्टर लोक डॉक्टरच जन्मते." मग शेंग तोंडात टाकून पुढे म्हणालीस, "होता येते, हे मले कोनी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं मी नाई म्हणली असती. पण नाई म्हणाची संधी तरी भेटली असती ना, सुधे."

हे त्या पाहुण्यांना उठून सांगावं असं फार वाटलं. पण माझं बोलणं त्यांच्या आधीच झालं होतं, आणि मला माईकसमोर काही नीट बोलता आलं नव्हतं. म्हणून आता हे लिहितेय.

तू पहिल्यांदा पोरं घेऊन आलीस तो रविवार आठवतो का? मी दुपारी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून जेवायला निघाले होते. शटरखालून तुझे पाय दिसले, आणि तुझ्या पायांमागे आणखी कितीतरी पाय. तू म्हणाली होतीस, शाळेतल्या पोरांना एकदा दवाखाना दाखव. मला वाटलं होतं, चुणचुणीत अशी दोन-तीन असतील. तू अख्खी नववी आणली होतीस. शेतकऱ्यांची, तांड्यावरची, मजुरांची, पाठ्यपुस्तक वाचता न येणारीसुद्धा. जेवण राहिलं. तुझ्या डब्यातली भाकर आणि ठेचा मी इंजेक्शनच्या टेबलाशेजारी उभ्या उभ्या खाल्ला आणि पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले.

काय काय विचारलं त्यांनी. बीपी वाढलं हे आधी माणसाला समजतं का मशीनला? तुम्ही आजारी पडल्या तर कोणाकडे जाता? पेशंट खोटं बोलला तर कसं ओळखता? एका पोराने स्टेथोस्कोप छातीच्या उजव्या बाजूला लावला, काही ऐकू येईना म्हणून तो रडकुंडीला आला. तू त्याचा हात धरून डावीकडे नेलास. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा ठोके ऐकले तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर असणार. मी विसरून गेले होते. इतक्या वर्षांत मी त्या नळीतून फक्त आजार ऐकत होते.

पोरं गेल्यावर मात्र मी तुझ्याशी भांडले. तिथून जे भांडण सुरू झालं ते परवा-परवापर्यंत चालू होतं. मी म्हणाले, यातल्या कितींना ती प्रवेश परीक्षा झेपणार आहे? क्लास कुठले, पुस्तकं कुठली, इंग्रजी कुठलं? ज्यांना जमण्यासारखं आहे अशी निवडून आण, बाकीच्यांना उगाच स्वप्न दाखवून तोंडघशी पाडू नकोस. तू चपला घालता घालता म्हणालीस, "मी कायले स्वप्न दाखवू? मी दवाखाना दाखवून राह्यली." आणि पुढच्या रविवारी पुन्हा शटरखाली पाय.

नंतर तू यवतमाळचा हट्ट धरलास. माझा जुना वर्गमित्र तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवतो, त्याच्याकडून मी परवानगी काढली. सकाळच्या एसटीने आपण निघालो. दारव्हा येईपर्यंत पोरांनी गाण्याच्या भेंड्या खेळून कंडक्टरला वेडं केलं आणि दारव्ह्यानंतर कंडक्टरच एका बाजूने खेळायला लागला. कॉलेजात पोचल्यावर शरीररचनेच्या संग्रहालयात बरण्या, सांगाडे, कापलेल्या मेंदूचे नमुने. मला धाकधूक होती की एखादं पोर घाबरेल. एकही घाबरलं नाही. घाबरलीस तू. दुसऱ्याच बरणीपाशी तुझा रंग उडाला आणि तू बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलीस. पोरं आळीपाळीने बाहेर येऊन तुला पाणी देत होती आणि आत काय आहे ते अगदी बारकाईने सांगत होती, त्याने तुला आणखीच गरगरत होतं. तू पदराने वारा घेत मला म्हणालीस, या पोट्ट्यांना आवर.

त्याच दिवशी ममता आपल्याला समजली. ममता आडे तोवर तुझ्या वर्गातली खिडकीजवळची मुलगी होती, तांड्यावरून चालत येणारी, विचारलं तर उत्तर देणारी आणि न विचारलं तर गप्प. बाह्यरुग्ण विभागात आपण पोरांना घेऊन एका कडेला उभे होतो. तिथला तरुण डॉक्टर कोल्हापूरकडचा होता. त्याच्यापुढे एक म्हातारी बंजारा बाई बसली होती. बाजारात ती मराठी बोलत असेलही, पण दुखत असताना माणसाला आपलीच बोली आठवते. ती गोर बोलीत सांगत होती, डॉक्टर मराठीत विचारत होता, आणि दोघंही एकमेकांशी फार चांगलं वागत होते, पण काही पुढे सरकत नव्हतं. ममता कोणाला न विचारता पुढे गेली. म्हातारीला याडी म्हणून हाक मारली, आई म्हणून, आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. मग डॉक्टरला सांगू लागली. आजीचं पोट दुखत नाही, जेवल्यावर छातीत जळतं. आधी जळतं, मग पाठीत जातं. पायऱ्या चढताना होत नाही. मग तिनेच म्हातारीला विचारलं, रात्री उठून बसावं लागतं का. हे डॉक्टरने विचारलं नव्हतं. त्याने ममताकडे पाहिलं आणि एक स्टूल तिच्याकडे सरकवलं.

परत येताना ती माझ्याशेजारी बसली. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, हे काम आहे का डॉक्टरचं? नुसतं विचारणं?" मी म्हणाले, अर्ध्याहून जास्त तेच आहे. ती म्हणाली, "मंग मले जमते."

तू पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होतीस. मला वाटलं झोपलीस. तू ऐकत होतीस आणि हसत होतीस.

प्रणवचंही सांगायला हवं. तुझ्या शाळेत सगळ्या विषयांत पहिला, घरची कपाशी-तुरीची चांगली जमीन, आणि सातवीपासून त्याला सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे. त्या ट्रिपनंतर आठवड्याभराने त्याने घरी सांगितलं, मला डॉक्टर व्हायचं नाही. दिवसभर दुखणाऱ्या माणसांत बसणं मला जमणार नाही. त्याचे वडील तुझ्यावर चिडून शाळेत आले होते. मीही चिडले. म्हटलं, जो नक्की झाला असता तोच गेला, आणि हे सगळं तुझ्या त्या दवाखाना दाखवण्यामुळे. तू शाळेत पेढे वाटलेस. खरोखरचे, बाजारातल्या मिठाईवाल्याकडून आणून. मला एक देत म्हणालीस, "धा वर्ष वाचले पोट्ट्याचे." प्रणव आता शेतीचं शिकतो आहे. परवा शोकसभेत मागे उभा होता. टाळ्या वाजल्या तेव्हा त्याने वाजवल्या नाहीत. मान खाली घालून तोही हसत असावा.

ममताला पुढे शिकवा म्हणून सांगायला आपण दोघी तिच्या घरी गेलो होतो ते तर मी कधीच विसरणार नाही. तुझ्या स्कूटीवर. तू गाडी चालवत नव्हतीस, गाडी तुला नेत होती. तांड्याच्या तोंडाशी तू मला कुंपणात घातलंस आणि वर म्हणालीस की तू जड आहेस म्हणून तोल गेला. ममताच्या आईने माझ्या कोपराला हळद लावली आणि मग आपली बाजू मांडली. शिकायला तिचा विरोध नव्हता. लग्नाचंही ती फार बोलली नाही. तिने एकच विचारलं, की इतकं शिकून पोर परत आली तर ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलेल का? मी घाईने सांगायला लागले की अहो बोलेल ना, का नाही बोलणार. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलंस. म्हणालीस, "मले माईत नाई, बाई. तुमी तिच्याशी बोलत राहा." ती बाई मग उठून चहा टाकायला गेली. माझ्या गोड उत्तराला तिने चहा टाकला नव्हता.

पहिल्या वेळी ममताची परीक्षा गेली. मी म्हणाले, नर्सिंग चांगलं आहे, आयुर्वेद आहे, वर्ष घालवू नकोस. तू म्हणालीस, तिलाच विचार. आपण दोघी माझ्या दवाखान्यात तिच्यासमोर इतक्या भांडलो की शेवटी ती म्हणाली, तुमचं झालं की मला सांगा, मी बाहेर बसते. तिने आणखी एक वर्ष घेतलं. सकाळी माझ्या दवाखान्यात बसून अभ्यास करायची, मधूनच एखाद्या म्हातारीला तिच्या बोलीत विचारून मला सांगायची. दुसऱ्या वेळी तिला प्रवेश मिळाला. निकाल कळला त्या दिवशी तू शाळेतून धावत आलीस आणि माझ्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या सगळ्या पेशंटना साखर वाटलीस. त्यातल्या निम्म्यांना शुगर होती. एकानेही नाही म्हटलं नाही.

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, तुला कंटाळा येईल. नागपूरच्या दवाखान्यात मी तुझ्याजवळ होते. राउंडला येणाऱ्या तरुण डॉक्टरला तू आधी त्याचं गाव विचारलंस. तो म्हणाला, नेर. आपल्याच जिल्ह्यातलं नेर म्हटल्यावर तू उठूनच बसलीस. कोणत्या शाळेत होतास, वडील काय करतात, पहिल्यांदा दवाखाना कधी पाहिलास, परीक्षा किती वेळा दिली. तो तुझी नाडी बघायला आला होता आणि तूच त्याची बघितलीस. सलाईन लावलेल्या हाताने माझा फोन घेतलास, नववीच्या वर्गाला व्हिडिओ कॉल लावलास आणि त्या बिचाऱ्याला म्हणालीस, "सांग पोट्ट्यायले, तू कसा झाला ते." तो खरंच सांगायला लागला. पाच मिनिटं म्हणून बसला आणि सिस्टर शोधत आली तेव्हा उठला. तू गेल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की त्या वर्गाशी पुन्हा बोलता येईल का. मला तेव्हा रडू आलं. त्या अख्ख्या दुखण्यात तेवढं एकदाच.

मला तुला काही सांगायचं राहून गेलं, मंदे. एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी भांडले, तुला पोरांचं नुकसान करते म्हणाले, पण तू पोरं घेऊन येणार अशा एकाही रविवारी मी शटर पूर्ण ओढून घेतलं नाही. तुला ते कळलं असणार. पण कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. माझं स्वतःचं काम मला पुन्हा आवडायला लागलं ते तुझ्या पोरांना समजावून सांगता सांगता. हे तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू मला चिडवून चिडवून जीव खाल्ला असतास. तरी म्हणायला हवं होतं.

आणि आता हा रविवार. तू गेल्यावरचा पहिला. ममता सुट्टी घेऊन आली आहे. आता दुसऱ्या वर्षाला आहे, चष्मा लागलाय, आणि आईशी अजून गोर बोलीतच भांडते. शनिवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, उद्या नववी येणार आहे, मी बोलणार त्यांच्याशी. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, पण मी सगळं खरं सांगणार. मंदा मॅडम फार हसवायच्या. पहिलं वर्ष किती वाईट असतं, इंग्रजीत काही समजत नाही, मी पहिल्या चाचणीत नापास झाले, होस्टेलच्या बाथरूममध्ये रडायचे, हे सांगणार. मी चटकन म्हणाले, नको, ती लहान आहेत, त्यांना आधीच कशाला घाबरवायचं, त्यांना नुसतं पाहू दे की. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, तुझी बाजू मी मांडत होते आणि ममता माझी. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पाहाचं तं सगळं पाहू द्या ना."

तिने सगळं सांगितलं. मी गोळ्यांच्या कपाटाला टेकून पोरांचे चेहरे पाहत होते. चेहरे उतरत चालले होते. मधल्या बाकड्यावरची एक मुलगी, केसांना लाल रिबिनी लावलेली, उठून म्हणाली, "मंग तुमी परत काहून नाई आल्या?"

ममता म्हणाली, आले होते ना.

हे मला ठाऊक नव्हतं, मंदे. तू मला कधी सांगितलं नाहीस. ममता सांगत होती, की तिने बॅग भरली आणि तुला फोन केला, की मॅडम, मी सोडून येतेय, मला हाडांची नावं पाठ होत नाहीत. तिला वाटलं तू समजूत घालशील. तू म्हणालीस, "ये. पण येतानी ते हाडं घेऊन ये. पोट्ट्यायले दाखवाले होतीन." अभ्यासाला मिळालेल्या हाडांची पेटी घेऊन ती एसटीत बसली. कंडक्टरने पेटीत काय आहे विचारलं, तिने खरं सांगितलं, आणि शेजारची सीट दिग्रसपर्यंत रिकामी राहिली. मी त्या रविवारी कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. तू शाळा उघडून दिलीस, पोरं गोळा केलीस आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन बसलीस. दुपारभर ममताने एकेक हाड काढून पोरांना सांगितलं. हे कुठलं, कशाला जोडतं, ही खाच कशासाठी, हे डावं की उजवं कसं ओळखायचं. पोरांनी इतक्या वेळा विचारलं की संध्याकाळी पेटी भरताना तिच्या लक्षात आलं, आपल्याला सगळी नावं येतात. तू तिला काहीच म्हणाली नाहीस. स्कूटीवर बसवून स्टँडवर सोडलंस.

वर्ग हसत होता. लाल रिबिनीवालीने विचारलं, यंदाही आणली आहेत का? ममताने पिशवीतून एक हाड काढलं. मांडीचं, लांब. एका ज्युनिअरकडून खास मागून आणलं होतं. पोरं पुढे सरकली. कोणीतरी विचारलं, हे कोणाचं आहे?

ममता म्हणाली, "माईत नाई. पण कोणाचं तरी आहे. मरताना आमाले शिकाले देऊन गेलं ते माणूस. म्हणून एका हातानं नाई घ्याचं."

हाड या बाकड्यावरून त्या बाकड्यावर गेलं, प्रत्येकाने दोन्ही हातांनी घेतलं आणि दोन्ही हातांनी पुढे दिलं. मागच्या रांगेतल्या दंगेखोर पोरांनीसुद्धा. फिरत फिरत ते कपाटापाशी माझ्यापर्यंत आलं. मी हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली, मंदे, आणि दोन्ही हात पुढे केले.